मजल दरमजल

स्मरणिकेसाठी लेख दे, असा समितीचा फोन आला तेव्हा पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक होतं. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर लिही की." ज्याच्याशी आठवडाभर रोज दहा तास डोकं फोडायचं, त्याच्यावर रविवारीही लिहायचं म्हणजे अंगावरच आलं. म्हटलं, मी सायकलवर लिहिते, सायकलच्या इतिहासावर. पलीकडे थोडी शांतता पसरली. मग, "बरं. पण शाळेशी संबंध जोड हं."

त्यासाठी फार लांब जायला नको. शाळेमागच्या गल्लीतलं भाड्याच्या सायकलींचं दुकान आठवा. तासाला दोन रुपये, वहीत नाव आणि वेळ, आणि पाच मिनिटं उशीर झाला की घासाघीस. सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत, म्हणून नळीखालून तंगडी घालून आपण कैची चालवायचो. गुडघा फुटला नाही असा एकही जण त्या वर्गात निघणार नाही. पुढे कुणाकडे हीरो रेंजर आली, कुणाकडे बीएसएची लेडीबर्ड, आणि बाकीच्यांच्या नशिबी वडिलांची काळी, बावीस इंची, हलवायलाही दोन माणसं लागतील अशी सायकल.

नववीत, १९९४ च्या डिसेंबरात, टिटवाळ्याची सायकल सहल निघाली. फक्त मुलांची. आम्ही सहा-सात मुली घरून सही केलेल्या चिठ्ठ्या घेऊन गेलो, तर उत्तर मिळालं, "इतक्या लांब तुम्हाला झेपायचं नाही. वाटेत कुणी बसली तर काय करायचं?" आम्ही काही बंड वगैरे केलं नाही, चिठ्ठ्या दप्तरात ठेवल्या. मुलं संध्याकाळी धुळीने माखून परत आली आणि पुढचा महिनाभर कल्याणच्या पुलाच्या गोष्टी सांगत राहिली. सर, हे वाचत असाल तर रागावू नका. तीस वर्षांनी मी फक्त तुमचाच प्रश्न पुन्हा विचारते आहे. लांबचा सायकल प्रवास नेमका कुणाला झेपतो?

याचं एक उत्तर आपल्याच शहराच्या इतिहासात आहे, आणि ते आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया. सगळे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे. म्हणजे अंगाने मजबूत, पण सायकलच्या शर्यती मारणारे नव्हेत. वजन उचलणारा माणूस आणि दिवसभर सायकल चालवणारा माणूस यांची शरीरं वेगळी घडलेली असतात, हे आता कुठल्याही जिममधला पोरगा सांगेल. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक असं करत ते पश्चिमेला गेले. पुढे युरोप, आल्प्सचे घाट, इंग्लंड, मग बोटीने अमेरिका आणि तिथून आडवा सगळा खंड. जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश, आसाम या वाटेने परत. १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत पोचले ते तिघेच, हकीम, बापासोला आणि भुमगरा. एकूण अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर. १९३१ मध्ये या तिघांनी 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड' हे पुस्तक काढलं, आणि त्याला प्रस्तावना लिहिली जवाहरलाल नेहरूंनी.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझंही तोंड उघडंच राहिलं. एकाहत्तर हजार! पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पावणेदोन फेऱ्या. पण धंद्याची सवय जात नाही. मोठा आकडा दिसला की मी त्याला आधी भागते. १५ ऑक्टोबर १९२३ ते १८ मार्च १९२८, मधली दोन्ही लीप वर्षं धरून १,६१६ दिवस. ७१,००० भागिले १,६१६.

चव्वेचाळीस.

दिवसाला सरासरी चव्वेचाळीस किलोमीटर. मुलुंडहून कल्याणला जाऊन परत यायचं तेवढं अंतर. टिटवाळ्याच्या सहलीत आपल्या वर्गातल्या मुलांनी एका दिवसात याहून जास्त कापलं होतं.

आता यात लबाडी आहे, हे मीच सांगते. ते काही रोज सायकल चालवत नव्हते. बोटीतले दिवस आहेत, आजारपणाचे आहेत, कागदपत्रांसाठी थांबल्याचे आहेत, कुणाच्या घरी पाहुणचार घेतल्याचे आहेत. चालवायच्या दिवशी चव्वेचाळीसहून पुष्कळ जास्त होत असणार, आणि वाळूतले चाळीस म्हणजे डांबरी रस्त्यावरचे चाळीस नव्हेत. पण सरासरी जे सांगायचं ते सांगतेच. साडेचार वर्षांचा हिशेब मांडला तर त्यात वेग कुठे नाही, ताकदही फारशी नाही. पुन्हा सकाळी उठून सायकलवर बसणं आहे.

आपल्या भाषेत याला चांगला शब्द आहे, मजल. एका दिवसात कापायचं अंतर, दोन मुक्कामांमधला टप्पा. फौजा, तांडे, यात्रेकरू सगळे मजल दरमजल करत जायचे, आणि एक मजल किती हे सगळ्यात तगडा घोडा ठरवत नसे. सामानाचे बैल, म्हातारी माणसं, पाण्याची जागा यांवर ते ठरायचं. पंढरीची वारी आजही अशीच चालते. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण पालखी पोचायला अडीच आठवड्यांच्या वर लागतात आणि सत्तरीच्या आजी पोचतात. मैदानावर चार फेऱ्या मारायला लावल्या तर त्यांना धापच लागेल.

पुन्हा त्या सहा जणांकडे येते. माझं लक्ष खरं तर न परतलेल्या तिघांवर जास्त खिळलं. नरिमन कापडिया तेहरानहून माघारी फिरले, कारण वैयक्तिक. गुस्ताद हाथीराम अमेरिकेत पोचले आणि तिथेच राहायचं ठरवून मोकळे झाले. केकी पोचखानवाला मन उडून परतले. तिघांपैकी एकाच्याही बाबतीत 'पाय चालेनात म्हणून' असं कारण नोंदलेलं नाही. घर आडवं येतं, मन आडवं येतं, नवा देश आवडतो. कापडियांबद्दल तर मला फार जिव्हाळा वाटतो. मुंबईहून तेहरानपर्यंत सायकलने गेलेला माणूस, आणि इतिहासात त्याची ओळख काय, तर सोडून आलेला!

या सहा जणांचं वारं मुंबईच्या पारशी पोरांना चांगलंच लागलं असावं. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, फ्रामरोज दावर नावाचे क्रीडा पत्रकार एकटेच निघाले. वाटेत व्हिएन्नाला त्यांना गुस्ताव स्तावयानिक हा सोबती मिळाला. दोघांनी सहारा ओलांडलं, अॅमेझॉनचं जंगल पाहिलं, आणि दावर घरी पोचायला १९३१ साल उजाडलं. १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ निघाले ते परतले १९४२ मध्ये, म्हणजे ऐन महायुद्धात. त्यांचं अंतर ८४,००० किलोमीटरच्या घरात. भागाकार केलात तर दिवसाला तीस किलोमीटरसुद्धा भरत नाही. नऊ वर्षं मात्र भरतात.

नऊ वर्षं! इथे माझ्यातली इंजिनीअर गप्प बसते आणि बाई बोलायला लागते. तिशीच्या आतबाहेर असताना नऊ वर्षांची रजा कुणाला मिळते? सायकल झेपणं एक, आणि घरातून निघणं झेपणं दुसरं.

तरी निघालेल्या बायका आहेत. अॅनी कोपचोव्स्की १८९४ मध्ये बोस्टनहून निघाली, तीन मुलांची आई. 'लंडनडेरी' नावाच्या पाण्याच्या कंपनीने पैसे दिले म्हणून तिने तेच आडनाव लावलं, म्हणजे आजच्या भाषेत स्पॉन्सरशिप. तिचा बराच प्रवास बोटीने झाला आणि पुढे तिने हिंदुस्थानातल्या वाघाच्या शिकारीच्या ज्या गोष्टी सांगितल्या त्या चक्क थापा होत्या, पण मला ती आवडते. फॅनी बुलक वर्कमन मात्र खरीखुरी इथे आली. १८९७ च्या अखेरीस ती नवऱ्याबरोबर हिंदुस्थानात सायकलने फिरायला लागली तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होती, म्हणजे आपल्यापेक्षा थोडीच लहान. दोघांच्या पुस्तकाच्या नावातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. लांब घोळदार झगा, डोक्याला टोपी आणि आपल्या मे महिन्याच्या आधीचं ऊन. अलीकडचं नाव हवं असेल तर पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं. २०१८ मध्ये, विशीची असताना, तिने १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा बहुतांशी एकटीने पूर्ण केली. तिचा भागाकार करून पाहिला, दिवसाला १८२ येतात. त्या वाटेला आपण जायचं नाही.

आपल्यासारख्यांसाठी जो इतिहास आहे तो फ्रान्समध्ये घडला. तिथे सेंट-एतिएन गावात पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ होते, 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहायचे. 'ल सिक्लिस्ट' हे मासिक त्यांचं. शर्यत न लावता लांब फिरणाऱ्या साध्या माणसांसाठी त्यांनी आयुष्यभर लिहिलं आणि सायकलला गिअर हवेत म्हणून भांडले. तेव्हा शर्यतवाल्यांना गिअर म्हणजे कमकुवतपणा वाटायचा. 'टूर द फ्रान्स'मध्ये आत्ताच्यासारखे गिअर वापरायला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. व्हेलोसिओंचे लांबच्या प्रवासाचे नियम आजही लोक एकमेकांना सांगतात. त्यांचा सारांश एवढाच की भूक लागायच्या आधी खा, दमायच्या आधी थांबा, आणि कुणाला दाखवायला म्हणून पॅडल मारू नका. आपल्या आज्या प्रवासाला निघताना पहिल्या दोन गोष्टी सांगायच्याच. तिसरी सांगायचं कारण पडत नसे, कारण पुरणाच्या डब्यांनी पिशवी इतकी जड व्हायची की मिरवायचं सुचतच नसे.

त्याच फ्रान्समधल्या 'ओदाक्स क्लब पारिझियन'च्या नियमांनी आज जगभर 'ब्रेवे' होतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. यात पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोचलात की झालं. २०० चा हिशेब केला तर चहा, पंक्चर, झाडाखालची डुलकी सगळं धरून ताशी पंधरा किलोमीटरसुद्धा लागत नाहीत. भारतात हे प्रस्थ साधारण २०१० पासून वाढलं. ते रुजवण्यात पुण्याच्या दिव्या ताटे यांचा मोठा वाटा आहे, आणि एक बाई हे करते आहे याचा मला नववीतल्या त्या चिठ्ठीसकट आनंद होतो. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेतली सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रॅम' ही शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, ते अर्थात वेगळ्या जातीचे. पण त्याच नाशिकहून आषाढीच्या आधी पंढरपूरला सायकलवारी निघते आणि तिच्यात चारचौघांसारखी माणसं असतात, ही गोष्ट मला रॅमइतकीच मोठी वाटते.

एवढा इतिहास वाचल्यावर घरात बसवेना. आपल्या वर्गातल्या आम्ही चौघी. एक थायरॉइड, एक गुडघा, एक नुकतीच सुरू झालेली रक्तदाबाची गोळी आणि एक 'मला काही नाही' म्हणणारी, जिला सगळ्यात जास्त काळजी लागते. जूनपासून दर रविवारी सकाळी बाहेर पडायचं ठरवलं. आधी ऐरोलीचा पूल गाठून परत. मग पवई. मग घाटकोपरवाली आमच्याकडे यायला लागली. बोरिवलीवालीला आम्ही घोडबंदर रस्त्याने जाऊन भेटून आलो, एका बाजूला पस्तीसेक किलोमीटर. नकाशावर मुलुंड आणि बोरिवली एकमेकांना चिकटलेले दिसतात, मध्ये फक्त जंगल. त्या दिवशी त्या 'फक्त'चा अर्थ मांड्यांना कळला. अंतर दर महिन्याला दहा-पंधरा किलोमीटरने वाढवलं, त्याहून जास्त नाही. पहिले दोन महिने पायांपेक्षा बूड जास्त दुखलं. ते कुठल्याच इतिहासात लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

जायचं ठरलं नाशिकला. कारण सरळ होतं, रस्ता दारातून जातो. ज्याला आपण एलबीएस मार्ग म्हणतो त्याला आपले आईवडील आग्रा रोड म्हणायचे, आणि ते नाव शोभेचं नव्हतं. शीव, कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड, ठाणे आणि पुढे थळ घाट चढून नाशिकवरून खरोखर आग्र्याला जाणारा हा जुना रस्ता. लहानपणी आपण तो ओलांडायचो फक्त. त्याच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी आहे, हे डोक्यात येत नसे.

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे साडेचारला निघालो. माजिवडा, साकेतचा पूल, पडघ्याला मिसळ. (भूक लागायच्या आधी. व्हेलोसिओंना मिसळ चालली असती का, हा प्रश्न चौघींनी मताला टाकला आणि निकाली काढला.) वासिंद, आसनगाव, शहापूरला जेवण. ट्रकवाले आपल्याला वाटतात तितके वाईट नसतात, मोठ्या गाड्यांतले हौशी लोक वाईट असतात. आणि खरी अडचण चढाची नव्हे, बायकांच्या स्वच्छतागृहाची. कुठल्या पेट्रोल पंपावर कुलूप आहे आणि चावी कुणाकडे मागायची, याची यादी मी करून ठेवली आहे. हवी असेल तिने मागून घ्यावी. त्या सहा पारशी मंडळींना अशी यादी लागली नसणार.

कसाऱ्याला घाटाच्या पायथ्याशी चहा घेत होतो आणि बोरिवलीवालीचा फोन वाजला. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या. ती उठून उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा पाहून आम्ही काहीच बोललो नाही. सहा महिने दर रविवारी मुलाची शिकवणी, नवऱ्याचा डबा, सासूबाईंची औषधं यांच्या मधून तीन-तीन तास काढले होते तिने, आणि आमच्यात सगळ्यात मस्त चढायची ती. पण मध्य रेल्वेची लोकल कसाऱ्यापर्यंत येते, ही देवाची कृपा. सायकल हॉटेलच्या मागच्या पडवीत ठेवली आणि ती हेल्मेट हातात घेऊन स्टेशनकडे गेली. जाताना म्हणाली, "मी कापडिया गं."

घाट आम्ही तिघींनी चढला. खरं सांगायचं तर अर्धा चढला आणि अर्धा सायकल ढकलत चाललो. संध्याकाळी सहाला घाटनदेवीच्या देवळापाशी टेकलो. शंभर किलोमीटर, साडेतेरा तास. ब्रेवेवाले एवढ्याच वेळात दोनशे करतात! इगतपुरीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी घोटी, वाडीवऱ्हे करत दुपारी नाशिक. तिथे पोचल्यावर फोटो काढला, तिघींचा. तो समितीने मागितला होता, मी दिला नाही.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, आता काठी घेऊन घरात चालतात, आणि सुनेला रोज विचारतात, ती तुझी सायकल आणलीस का? नाही आणली. ती अजून कसाऱ्याला हॉटेलच्या मागे प्लास्टिक पांघरून उभी आहे. मालकाचे दोन फोन येऊन गेले.

म्हणून ठरलंय असं. स्नेहमेळाव्यानंतरच्या रविवारी ती ठाण्याहून पहाटेच्या कसारा लोकलने येणार. आम्ही तिघी आदल्या दिवशी सायकलने तिथे पोचणार. तिची राहिलेली मजल कसारा ते घाटनदेवी, अंतर थोडं पण सगळा चढ. कुणाला यायचं असेल तर चाकांत हवा भरून ठेवा, पंक्चरचं सामान आणि पाणी आपापलं आणा. चढ चालत चढलेला चालतो. सर, तुम्हालाही आग्रहाचं निमंत्रण आहे. तुम्ही मागून गाडी घेऊन या. वाटेत कुणी बसली तर लागेल.

(१९९६ ची दहावी, 'ब' तुकडी)